श्रीसंत बहिणाबाई शिऊरकर

आपल्या संप्रदायाच्या इमारतीचे रूपक सांगणारा अभंग ज्यास पाठ नाही असा माळकरी आमच्या तरी पाहण्यात नाही. ज्ञानोबारायांपासून तुकोबारायांपर्यंतची परंपरा त्या एका अभंगात आली आहे. तो ज्या बाईच्या नावाने गाइला जातो, त्या बाईला तुकोबांचा छंद लागला म्हणून नवऱ्याचा मार खावा लागला, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून त्यांचे चरित्र भाविकांच्या सेवेस सादर करीत आहोत. (जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी, १८८० ते १९५१, या निराळ्या. हा घोटाळा पुष्कळांचा होतो.)

बहिणाबाईंचा जन्म शके १५५०, म्हणजे १६२८ साली, वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. नुसते खेळण्याचे वय, आणि शिऊरच्या पाठक घराण्यातील तीस वर्षांच्या बिजवराशी पोरीची गाठ बांधली. गृहस्थ वेदपाठी, ज्योतिषी, पण मोठे तापट. पुढे भाऊबंदांच्या तंट्यापायी सगळ्या कुटुंबास देवगाव रातोरात सोडावे लागले. पंढरी झाली, रहिमतपूर झाले, भिक्षा मागत मागत मंडळी कोल्हापुरास पोहोचली. बहिणेचे वय तेव्हा अकराच्या आसपास.

कोल्हापुरात हिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी बिऱ्हाड होते. त्यांनी या कुटुंबास एक काळी गाय वासरासकट दिली. वासराला बहिणेचा असा लळा लागला की ती दिसली नाही तर ते चारा-पाण्याला तोंड लावीना. ती जयरामस्वामींच्या कीर्तनाला निघाली की वासरूही मागोमाग. एकदा कीर्तनात दाटी झाली म्हणून कोणी वासरास बाहेर काढले. इकडे पोर रडते, तिकडे वासरू हंबरते. जयरामस्वामींना हे कळताच त्यांनी वासरू आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. गावभर बोलबाला झाला.

नवऱ्याच्या कानी ही गोष्ट गेली मात्र, तो घरी येऊन तिच्या वेणीला हात घालता झाला. जनावराची बांधावी तशी मोट बांधून त्याने तिला मारले. आई-बाप तिथेच होते, पण जावयाचा हात कोण धरणार? गाय-वासराने वैरण टाकली. थोड्याच दिवसांत ते वासरू गेले, आणि बहिणा शुद्ध हरपून पडली. हे सारे बाईंनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका घरात काय चालले होते, हे त्या घरच्या सुनेच्याच तोंडून कळते. आमच्या मते मराठीत याला तोड नाही.

शुद्धीवर आल्यावर तिला तुकोबांचा ध्यास लागला. तुकोबांचे अभंग तिने कीर्तनात ऐकले होते, प्रत्यक्ष दर्शन नव्हते. शके १५६९ च्या कार्तिक वद्य पंचमीस, म्हणजे १६४७ साली, तुकोबांनी स्वप्नात येऊन तिला मंत्र दिला. लोक दर्शनाला येऊ लागले.

आता नवऱ्याचा राग पाहा. आपण वेद पढलेले ब्राह्मण, आणि बायको शूद्राला गुरू मानते, हा एक सल. दुसरा त्याहून खोल. लोक बायकोला नमस्कार करतात, मग आपल्याला गवतासारखे कोण विचारतो? जातीचा अभिमान आणि पुरुषपणाचा अभिमान, दोन्ही एकाच घरात, एकाच काठीने बोलत होते. ती गरोदर असताना तिला माहेरच्यांच्या गळ्यात टाकून निघून जावयाचे त्याने ठरविले. तोच तो आजारी पडला. महिनाभर अंथरुणास खिळला, औषध लागेना. ज्या बायकोला मारले तिनेच रात्रंदिवस उशाशी बसून सेवा केली. तुकोबांच्या निंदेचे हे फळ असे त्याच्या मनाने घेतले, तो वरमला, आणि सगळी मंडळी देहूस निघाली.

इंद्रायणीत स्नान करून ती राउळात गेली तेव्हा तुकोबाराय आरती करीत होते. स्वप्नात पाहिलेली मूर्ती समोर उभी होती. देहूतही सुख नव्हते. मंबाजी गोसाव्याने आपलाच उपदेश घ्या म्हणून या कुटुंबास छळले, त्यांच्या गाईलासुद्धा झोडपले. पण या वेळी नवरा बायकोच्या बाजूला होता. देहूसच तिला काशी ही मुलगी झाली, पुढे विठ्ठल हा मुलगा.

येथे एक गोष्ट लपवू नये. बहिणाबाईंनी पतिव्रताधर्माचेही अभंग पुष्कळ लिहिले आहेत. ते वाचून आजच्या आमच्या लेकी-सुना कपाळाला आठ्या घालतील, आणि आम्ही त्यांस दोष देणार नाही. परंतु त्याच बाईंनी स्त्रीदेह पराधीन, तिला वेदाचा अधिकार नाही, ही खंत उघड बोलून दाखविली, आणि ब्राह्मण कोणास म्हणावे याची झडती घेणारे वज्रसूचीवरचे अभंगही रचिले. नवऱ्याशी संसार मोडला नाही, तुकोबांनाही सोडले नाही. मार खाऊन जिने गुरू निवडला, तिची पतिभक्ती नुसता दुबळेपणा होता असे आम्हांस वाटत नाही. चौदाशे वर्षांच्या चांगदेवांनी पोरवयाच्या मुक्ताईला गुरू केले हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. मग दिंडीत डोईवर तुळस बाईच्या आणि वीणा बहुधा पुरुषाच्याच गळ्यात का, हे मात्र फडावर कोणी विचारीत नाही. आता स्त्रिया कीर्तनास उभ्या राहतात, याचा आम्हांस आनंद आहे. तरी पहिल्या रांगेत बसून कुजबुजणारे अजून आहेतच!

१९२९ साली जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्यांचा या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद निघाला. सातासमुद्रापारच्या माणसांनी ते वाचले. आपल्या किती दिंड्यांत ते वाचतात?

उत्तरायुष्य शिऊरला गेले. अंतकाळ जवळ आला असे जाणून त्यांनी परगावी असलेल्या विठ्ठलास बोलावून घेतले. मुलगा उशाशी बसून विचारीत होता आणि आई सांगत होती: मागले बारा जन्म, आणि हा तेरावा. वेद ज्या घरात पुरुषांनीच म्हणावयाचे, त्या घरातल्या मुलाने शेवटचा बोध आईकडून घेतला. शके १६२२, म्हणजे १७०० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी शिऊर येथे आहे. वैजापूरकडे जाणे झाले तर तेथे अवश्य थांबावे.