मारिया थेरेसा

युरोप खंडाच्या मध्यभागी डॅन्यूब नदीच्या काठी व्हिएन्ना नावाचे सुंदर नगर आहे. आज ते ऑस्ट्रिया या लहानशा देशाची राजधानी आहे. परंतु सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तेथून एका विस्तीर्ण राज्याचा कारभार चालत असे. ऑस्ट्रिया, हंगेरी, बोहेमिया, सायलेशिया, इटलीचा काही भाग आणि आजचा बेल्जियम एवढे प्रदेश हॅब्सबर्ग या एकाच राजघराण्याच्या सत्तेखाली होते. त्या प्रदेशांतील लोकांच्या भाषा निराळ्या, कायदे निराळे आणि चालीरीतीही निराळ्या. त्यांना एकत्र बांधणारा धागा एकच होता. तो म्हणजे त्या सर्वांचा राजा एक होता.

हे राज्य तलवारीपेक्षा विवाहांच्या बळावरच अधिक वाढले होते. इ. स. १४७७ मध्ये या घराण्यातील मॅक्सिमिलियन याने बर्गंडीच्या राजकन्येशी विवाह केला व तिच्याबरोबर तिचा संपन्न मुलूखही मिळविला. त्याच्या मुलाने स्पेनच्या राजकन्येचे पाणिग्रहण केले आणि नातू तर स्पेनचाही राजा झाला. पुढे या घराण्याच्या दोन शाखा झाल्या; एक स्पेनमध्ये, तर दुसरी ऑस्ट्रियात. परंतु विवाहाने जोडलेले राज्य वारसाच्या अभावी विस्कटावयास वेळ लागत नाही. इ. स. १७०० मध्ये स्पेनचा राजा निपुत्रिक वारला आणि त्याच्या गादीसाठी युरोपातील राजे तेरा-चौदा वर्षे एकमेकांशी झुंजत राहिले. त्या युद्धात स्पेनच्या गादीवर हक्क सांगणारा एक तरुण राजपुत्र होता ऑस्ट्रियाचा चार्ल्स. पुढे तोच सहावा चार्ल्स या नावाने सम्राट झाला. वारस नसलेल्या राज्याची काय दशा होते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

आपल्या राज्यावर तसा प्रसंग येऊ नये म्हणून इ. स. १७१३ मध्ये चार्ल्सने एक जाहीरनामा काढला. राज्याची वाटणी कधीही होऊ नये आणि पुत्र नसल्यास राज्य कन्येकडे जावे, असे त्यात ठरविले होते. हा जाहीरनामा 'प्रॅग्मॅटिक सँक्शन' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यानंतर तीन वर्षांनी त्याला मुलगा झाला. परंतु ते बालक काही महिन्यांतच दगावले. १३ मे १७१७ रोजी व्हिएन्ना येथे त्याला कन्या झाली. तिचे नाव मारिया थेरेसा. तिच्या पाठीवरही मुलीच झाल्या.

कन्येला राज्य मिळावे म्हणून चार्ल्सने आयुष्यभर खटपट केली. एकेका राजाची मनधरणी करून, कोणाला सवलत तर कोणाला मुलूख देऊन, त्याने त्यांच्याकडून जाहीरनाम्याला मान्यता मिळविली. मोठमोठ्या राजांच्या सह्या असलेले कागद त्याच्या दप्तरात जमा झाले. शेकडो कागदांपेक्षा भरलेला खजिना आणि कसलेले सैन्य अधिक उपयोगी पडेल, असा सल्ला त्याचा वृद्ध सेनापती प्रिन्स युजीन याने त्याला दिला होता. पण चार्ल्सने तो मनावर घेतला नाही. नवलाची गोष्ट ही, की जिच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, त्या मुलीला राज्यकारभाराचे शिक्षण मात्र कोणी दिले नाही. पुत्र होईल ही आशा पित्याने शेवटपर्यंत सोडली नव्हती. मारिया थेरेसा भाषा शिकली, गायन व नृत्य शिकली, धर्मग्रंथ वाचू लागली. राज्याचा जमाखर्च मात्र तिच्या दृष्टीस कधी पडला नाही.

ती सहा वर्षांची असताना लोरेन प्रांताचा राजपुत्र फ्रान्सिस व्हिएन्नाच्या दरबारी राहावयास आला. तो तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा होता. मोठी झाल्यावर तिने मनोमन त्यालाच वरले आणि पित्यानेही संमती दिली. परंतु लोरेनचा अधिपती ऑस्ट्रियाचा जावई व्हावा, हे शेजारच्या फ्रान्सला रुचले नाही. तेव्हा फ्रान्सिसला आपल्या वाडवडिलांच्या लोरेनवर पाणी सोडावे लागले. त्याबदली त्याला इटलीतील टस्कनी हा प्रांत मिळाला. १२ फेब्रुवारी १७३६ रोजी त्यांचा विवाह झाला. त्या काळी राजकुळांतील विवाह राजकारणाच्या सोयीने होत असत. आवडीच्या वराशी विवाह होण्याचे भाग्य फार थोड्या राजकन्यांना लाभे. मारिया थेरेसा ही त्या थोड्यांपैकी एक होती.

२० ऑक्टोबर १७४० रोजी चार्ल्स मरण पावला. मारिया थेरेसा त्या वेळी अवघी २३ वर्षांची होती. खजिना जवळजवळ रिकामा होता, सैन्य तुर्कांशी झालेल्या युद्धात खचले होते आणि मंत्री वृद्ध व निरुत्साही झाले होते. आता पित्याने जमविलेल्या सह्यांची कसोटी लागावयाची होती. पहिला घाव प्रशियाचा तरुण राजा फ्रेडरिक याने घातला. त्याच्या पित्याने जाहीरनामा मान्य केला होता. परंतु फ्रेडरिकने त्याची पर्वा केली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने सायलेशिया या सुपीक व उद्योगसंपन्न प्रांतावर चाल केली. चार महिन्यांनी मोल्विट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या सैन्याचा पराभव झाला. ते पाहताच इतरांनाही धीर आला. बव्हेरियाचा अधिपती चार्ल्स आल्बर्ट हा मारिया थेरेसाच्या चुलतबहिणीचा पती होता. त्याने बोहेमियावर हक्क सांगितला आणि फ्रान्स त्याच्या मदतीस धावला. सह्यांचे कागद दप्तरातच राहिले.

काही मंत्र्यांनी तिला सायलेशिया देऊन तह करण्याचा सल्ला दिला. एक प्रांत भिऊन दिला तर उद्या दुसरा मागतील, हे ती जाणून होती. तिने तो सल्ला मानला नाही. मार्च १७४१ मध्ये तिला जोसेफ नावाचा पुत्र झाला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ती राज्याभिषेकासाठी हंगेरीतील प्रेसबर्ग या शहरी गेली. आज त्या शहराला ब्रातिस्लाव्हा म्हणतात. हंगेरीच्या रिवाजाप्रमाणे नव्या राजाला घोड्यावरून एका टेकडीवर चढून चारही दिशांना तलवार रोखावी लागे. राज्याचे सर्व बाजूंनी रक्षण करीन, असा त्याचा अर्थ. त्यासाठी मारिया थेरेसाने घोडदौडीचा मुद्दाम सराव केला होता. डोक्यावर मुकुट व हातात तलवार घेऊन ती भरधाव टेकडीवर चढली, तेव्हा जमलेल्या लोकांनी तिचा जयजयकार केला.

सप्टेंबर महिन्यात शत्रू व्हिएन्नाच्या वाटेवर असताना तिने हंगेरीच्या सरदारांची सभा बोलाविली. त्या सभेचा व्यवहार लॅटिन भाषेत चाले. पित्याच्या सुतकाची काळी वस्त्रे परिधान केलेली ती तरुण राणी लॅटिनमध्येच बोलली. सर्वांनी आपला त्याग केला असून आपली मुले व आपला मुकुट आता हंगेरीच्या निष्ठेवरच सोपविला आहे, असे तिने त्यांना सांगितले. सरदारांची मने द्रवली. तिच्यासाठी प्राण देण्याची त्यांनी शपथ घेतली. त्या प्रसंगी तिच्या कडेवर तान्हा जोसेफ होता, असे चित्रांत दाखवितात. पण ते खरे नाही. बाळाला सभेपुढे आणले ते काही दिवसांनी. सरदारांनीही करमाफीसारखे आपले जुने हक्क कायम करून घेतले आणि कबूल केले तेवढे सैन्य काही आले नाही. तरीही हंगेरी राणीच्या पाठीशी उभी राहिली, या वार्तेनेच युद्धाचा रंग पालटला.

रोमन साम्राज्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जर्मन राज्यसंघाचा सम्राट वंशपरंपरेने नव्हे, तर निवडणुकीने ठरे; आणि त्या पदावर स्त्री बसू शकत नसे. इ. स. १७४२ मध्ये ते पद बव्हेरियाच्या चार्ल्स आल्बर्टला मिळाले. परंतु फ्रँकफुर्ट येथे त्याच्या मस्तकी सम्राटपदाचा मुकुट चढत होता, त्याच सुमारास मारिया थेरेसाचे सैन्य त्याच्या राजधानीत शिरत होते. तीन वर्षांनी तो वारला आणि सम्राटपदी फ्रान्सिसची निवड झाली. अशा रीतीने मारिया थेरेसा सम्राज्ञी म्हणविली जाऊ लागली. इ. स. १७४८ मध्ये तह झाला. सायलेशिया फ्रेडरिककडेच राहिला. पण बाकीचे बहुतेक राज्य तिने राखले आणि वारसा म्हणून कन्येचा हक्क साऱ्या युरोपकडून मान्य करून घेतला.

पराभवाचे कारण तिने शत्रूच्या सामर्थ्यात शोधले नाही. आपल्या कारभाराच्या दुबळेपणात शोधले. हाउग्विट्स नावाच्या कर्तबगार मंत्र्याच्या मदतीने तिने कारभाराची घडी नव्याने बसविली. तोपर्यंत कराचा भार मुख्यतः शेतकऱ्यांवर पडे. तिने ऑस्ट्रिया व बोहेमियातील सरदार आणि धर्मगुरू यांच्यावरही कर बसविला. त्या उत्पन्नातून १,०८,००० शिपायांचे खडे सैन्य उभारले. सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी विद्यालय काढले. आरोपीचा छळ करून कबुलीजबाब घेण्याची चाल तिने इ. स. १७७६ मध्ये बंद केली. बोहेमियातील शेतकऱ्यांना जमीनदाराकडे आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा अधिक वेठ पडू नये, असा कायदा केला.

तिचे सर्वांत टिकाऊ कार्य म्हणजे शाळा. इ. स. १७७४ मध्ये तिने शिक्षणाचा कायदा केला. ६ ते १२ वर्षांच्या प्रत्येक मुलाने व मुलीने शाळेत जावे, असे त्यात फर्माविले होते. शेतीच्या कामाला हात कमी पडतील म्हणून पुष्कळ आईबाप कुरकुरले, शिक्षकही पुरेसे नव्हते. तरी वाचन, लेखन व गणित ही खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचली पाहिजेत, हा विचार तिने राज्यात रुजविला.

मारिया थेरेसाला एकंदर सोळा अपत्ये झाली. त्यांत अकरा कन्या होत्या. त्यांपैकी दहाच अपत्ये मोठी झाली. देवीच्या साथीने त्या घराचा वारंवार घात केला. एक मुलगा, दोन मुली आणि दोन सुना या रोगाला बळी पडल्या. इ. स. १७६७ मध्ये ती स्वतःही मरणाच्या दारातून परत आली. जेन्नरची लस त्या वेळी निघाली नव्हती. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचावयाचा, अशी जुनी रीत होती. तीत धोकाही होता. तरीसुद्धा यान इंगेनहाउस या डच वैद्याला बोलावून तिने इ. स. १७६८ मध्ये आपल्या धाकट्या मुलांना टोचून घेतले आणि प्रजेपुढे उदाहरण घालून दिले.

परंतु मुलींच्या विवाहांच्या बाबतीत ही प्रेमळ माता प्रथम सम्राज्ञी होती आणि मग आई. मारिया क्रिस्टिना या एकाच लाडक्या कन्येला तिने आवडीचा वर निवडू दिला. मारिया आमालियाचे मन दुसऱ्या एका राजपुत्रावर जडले होते. तरी तिला इटलीतील पार्माच्या ड्यूकला देण्यात आले. नेपल्सच्या राजाची वाग्दत्त वधू देवीने वारली, तेव्हा तिच्या जागी धाकटी बहीण कॅरोलिना पाठविण्यात आली. सर्वांत धाकटी कन्या मारी आंत्वानेत अवघी चौदा वर्षांची असताना, इ. स. १७७० मध्ये, फ्रान्सच्या युवराजाला दिली गेली. फ्रान्सशी दोनशे वर्षांहून अधिक काळ चाललेले वैर या विवाहाने कायमचे मिटावे, अशी मातेची इच्छा होती. मुलगी दूर गेल्यावर तिने उधळपट्टी करू नये, प्रजेचे प्रेम मिळवावे, म्हणून मारिया थेरेसा तिला पत्रांमागून पत्रे लिही. त्या पत्रांत आईची काळजी आहे आणि राज्यकर्तीची कठोर शिस्तही आहे. पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि इ. स. १७९३ मध्ये मारी आंत्वानेतचा शिरच्छेद झाला. तो दिवस पाहावयास माता हयात नव्हती.

तिच्या अंगी दोषही होते. परधर्मीयांविषयी तिला सहिष्णुता नव्हती. इ. स. १७४४ च्या अखेरीस तिने प्राग शहरातील यहुदी लोकांना हद्दपार करण्याची आज्ञा दिली. त्यांना परत येता आले ते काही वर्षांनी. सायलेशिया परत मिळावा म्हणून ती प्रशियाशी पुन्हा सात वर्षे लढली. पण तो प्रांत मिळाला नाही. दुबळा शेजारी पाहून मुलूख लुबाडणे हा अन्याय तिने स्वतः सोसला होता, तरीही इ. स. १७७२ मध्ये प्रशिया व रशिया यांनी पोलंडचे लचके तोडले, तेव्हा मनाविरुद्ध का होईना, तिनेही आपला वाटा घेतला.

इ. स. १७६५ मध्ये फ्रान्सिसचा मृत्यू झाला. तेव्हापासून तिने केस कापून टाकले, दागिने त्यागले आणि शेवटपर्यंत काळी वस्त्रेच वापरली. राज्याच्या कामात मात्र खंड पडू दिला नाही. २९ नोव्हेंबर १७८० रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, व्हिएन्ना येथे तिचे देहावसान झाले. जन्मभर तिच्याशी वैर केलेल्या फ्रेडरिकनेही तिची थोरवी मान्य केली. तिच्या वंशजांनी इ. स. १९१८ पर्यंत राज्य केले.

तिची मुद्रा असलेले व १७८० हे साल कोरलेले चांदीचे नाणे तिच्या मृत्यूनंतरही अरबस्तानात व पूर्व आफ्रिकेत व्यापारासाठी चालत राहिले. ते इतके विश्वासाचे मानले जाई, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडण्यात आले.

पित्याने मोठ्या कष्टाने मिळविलेला वारसाहक्काचा कागद मारिया थेरेसाला राज्य देऊ शकला नाही. ते तिने स्वतःच्या धैर्याने व परिश्रमांनी मिळविले. वारसा जन्माने लाभतो. परंतु तो टिकविण्याची पात्रता ज्याची त्यालाच अंगी आणावी लागते, हीच गोष्ट तिचे चरित्र सांगते.