अंगणातली शाळा : ताराबाई मोडक

काशीत मंगला गौरीच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आम्हां मराठी मंडळींची भाषा येथल्या गल्ल्यांत पुष्कळच झिजली आहे. उंबरा ओलांडला की हिंदी सुरू होते. असे असूनही एक मराठी शब्द मात्र उत्तर प्रदेशातील गावोगावच्या भिंतींवर रंगवलेला दिसतो. तो म्हणजे अंगणवाडी. वाटेत त्यातील णचा न झाला, वचा ब झाला, इतकेच. केंद्र सरकारच्या सेवेत आमची बहुतेक हयात कागद चाळण्यात गेली. त्या कागदांत हा शब्द असंख्य वेळा भेटला. पण तो कोणाच्या अंगणातून आला, हे कोठे लिहिलेले आढळले नाही. म्हणून मंडळाच्या चिटणीसांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा ताराबाई मोडक यांचेच चरित्र सांगावे असे आम्ही ठरविले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजी, त्यामुळे मुलीच्या शिक्षणास घरात आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे मोडक वकिलांशी विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा होती, वेतनही चांगले होते.

हे सारे सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. वकिली टाकून बालमंदिर चालविणारे हे गृहस्थ त्या काळी विक्षिप्तच वाटले असतील. आम्हीही बी. ए.च आहोत; पण हाती असलेली पक्की नोकरी सोडून चिमुकल्यांच्या मागे जाणे आमच्याच्याने झाले नसते, हे कबूल केलेले बरे.

रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली काढलेल्या बालगृहाचे तत्त्व भावनगरास भारतीय वेषात नांदत होते. मुलाने आपले काम आपण निवडावे, शिक्षकाने पाहावे आणि हाक आली तरच पुढे व्हावे. शिक्षा नाही, बक्षीस नाही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभारला. तेथपर्यंतची कीर्तीही एखाद्या आयुष्याला पुरेशी होती.

परंतु ही बालमंदिरे पांढरपेशांची होती, आणि त्यांची साधने महाग होती. १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षण केंद्र काढले. बालविधवा म्हणून बालपणच हरवलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. केंद्र सुरू झाले, पण हरिजन वस्तीतील मुले काही येईनात. एखाद्या अधिकाऱ्याने अशा वेळी उपस्थिती असमाधानकारक असा शेरा मारून विषय संपविला असता. ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी झोपडीपुढचे सारवलेले अंगण, तेवढीच जागा. मुलांना न्हाऊमाखू घालावे, नखे कापावीत, केस विंचरावेत आणि मग खेळ. बालवाडी अंगणात भरली, म्हणून ती अंगणवाडी झाली.

साधनांचा प्रश्नही अंगणानेच सोडविला. शिंपले, गोटे, चिंचोके, पाने, काड्या, माती. लहानमोठे शिंपले ओळीने लावता लावता मूल क्रम शिकते, चिंचोके वाटून घेताना मोजणी शिकते. कोणी शिकव म्हणावे लागत नाही. आमच्या घरांत मंगळागौरीच्या रात्री थोरल्या बायका फुगडी-झिम्मा खेळतात, तेव्हा त्यात कोणास काही गैर वाटत नाही. मुलाने दुपारी मातीत हात घातले की मात्र त्याच घरात अभ्यासाची आठवण होते! आम्हीही आमच्या मुलांना हेच केले. त्यांच्या हातातली माती धुऊन पाटी दिली, आणि त्या वेळी ते आम्हांस कर्तव्यच वाटले.

१९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले. (हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे.) तेथे अडचण निराळी होती. आईबाप मजुरीस गेले की थोरले भावंड धाकट्यास सांभाळी, नाही तर गुरे राखी. मग शाळेशेजारीच पाळणाघर आले. कडेवरचे बाळ तेथे उतरले आणि ताई वर्गात बसू लागली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदली, तिला विकासवाडी म्हणत. गुराख्यांसाठी तर कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना कुरणातच वर्ग भरे.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पोषण, लसीकरण, वजन यांचे रकाने आम्ही पाहिले आहेत आणि त्यांचे मोल जाणतो. अर्धपोटी मूल खेळत नाही. मात्र आज मुलाने आपण होऊन काय हाती घेतले, असा रकाना आमच्या पाहण्यात आला नाही.

कोसबादच्या टेकडीवर अनुताई पुढेही राहिल्या. १९९२ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्या ताराबाईंचेच काम करीत होत्या.