हत्तीमाणूस जोसेफ मेरिक : आजाराचं नाव कळायला जवळपास शंभर वर्षं गेली

इंग्लंडमधल्या लेस्टर गावात ५ ऑगस्ट १८६२ ला जोसेफ मेरिकचा जन्म झाला. जन्मला तेव्हा पोर चारचौघांसारखंच होतं. पुढं ओठ सुजायला लागला, कपाळावर हाडाचा उंचवटा आला, कातडी जाड आणि लोंबती झाली. उजवा हात आणि पाय वाढतच गेले. डावा हात मात्र शेवटपर्यंत नाजूक आणि धडधाकट राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

घरच्यांनी कारण शोधलं ते असं, की आई गरोदर असताना जत्रेत हत्तीला भ्याली. जोसेफनंही ते मरेपर्यंत खरं मानलं. आपल्याकडं पोराच्या ओठाला चीर असली की आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणतात, तशातलाच हा प्रकार. दोष शेवटी आईच्याच पदरात.

ती आई १८७३ साली न्यूमोनियानं गेली. सावत्र आई आली आणि घर तुटलं. तेराव्या वर्षी शाळा सुटली. विड्यांसारखे सिगार वळायचं काम मिळालं, पण उजवा हात इतका जड झाला की तेही सुटलं. लहानपणी पडल्यानं कंबरेचा सांधा गेला होता, त्यामुळं चालणं लंगडत. दारोदार माल विकायला गेला तर लोक दार लावून घ्यायचे. काही दिवस चुलत्यानं सांभाळलं. सतराव्या वर्षी तो गरिबांसाठीच्या सरकारी कोंडवाड्यात दाखल झाला, तिथं जवळपास चार वर्षं काढली.

१८८४ मध्ये त्यानं स्वतःच खेळवाल्यांशी बोलणं लावलं. लोक बघणारच आहेत तर पैसे देऊन बघू देत, असा हा हिशोब. लंडनला व्हाइटचॅपल रस्त्यावर, लंडन हॉस्पिटलच्या समोरच्याच दुकानात त्याला हत्तीमाणूस म्हणून उभा केला. डॉक्टर फ्रेडरिक ट्रीव्ह्स यांनी तिथंच त्याला पाहिलं, डॉक्टरांच्या सभेपुढं नेऊन दाखवलं. आजार कुणालाच ओळखता आला नाही. नंतर खेळ युरोपात गेला, तिथं मॅनेजरनं साठवलेले पैसे लुबाडून त्याला सोडून दिलं. १८८६ साली कसाबसा लंडन स्टेशनवर पोचला तेव्हा भोवती गर्दी जमली. बोलणं कुणाला समजेना. खिशात ट्रीव्ह्स यांचं कार्ड सापडलं म्हणून पोलिसांनी त्यांना बोलावलं.

बऱ्या न होणाऱ्या रोग्याला ठेवून घ्यायचा हॉस्पिटलचा नियम नव्हता. अध्यक्ष कार गॉम यांनी पेपरात पत्र लिहिलं आणि जन्मभर पुरतील एवढे पैसे लोकांनी पाठवले. जोसेफला खोली मिळाली. तिथं तो पुस्तकं वाचायचा. एका चांगल्या हातानं त्यानं पुठ्ठ्याचं चर्च बनवलं. राजघराण्यातल्या अलेक्झांड्रा त्याला भेटून हात मिळवून गेल्या.

डोक्याचा घेर तब्बल ३६ इंच. त्यामुळं तो बसूनच, गुडघ्यावर डोकं टेकून झोपायचा. ११ एप्रिल १८९० ला दुपारी तो पलंगावर आडवा, मेलेला सापडला. वय २७. इतरांसारखं उताणं झोपून बघावं म्हणून आडवा झाला असावा आणि डोक्याच्या वजनानं जीव गेला, असं ट्रीव्ह्स यांचं मत. त्यांनी सांगाडा जपून ठेवला.

रोंटगेननं जर्मनीत एक्स-रे शोधला १८९५ साली, म्हणजे मेरिक गेल्यावर पाच वर्षांनी. जिवंतपणी त्याच्या हाडांत काय चाललंय हे बघायचं साधनच नव्हतं. आधी हत्तीरोग म्हटलं गेलं. (आपल्याकडचा हत्तीरोग डासांमुळं होतो, त्याचा इथं संबंध नाही.) पुढं बरीच वर्षं मज्जातंतूंच्या गाठींचा रोग म्हणून सांगितलं. १९८६ मध्ये दोन डॉक्टरांनी प्रोटियस सिंड्रोम हे नाव पुढं केलं. त्यानंतर सांगाड्याचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन झाले, त्यातली हाडांची वेडीवाकडी वाढ या आजाराशी जुळली.

हा आजार दहा लाखांत एकालाही होत नाही. बाळ बहुतेकदा चांगलं जन्मतं, सहा महिने ते दीड वर्षात वाढ सुरू होते. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याचं मूळ शोधलं. गर्भ वाढताना एखाद्याच पेशीत बिघाड होतो आणि तिच्यापासून बनलेले भागच तेवढे वाढतात, बाकीचे चांगले राहतात. मेरिकचा डावा हात म्हणून शाबूत. हा बिघाड आईबापाकडून येत नाही, हत्तीला भिऊन तर नाहीच. आज अशा पोरांचे मणक्याचे, पायांचे फोटो वेळोवेळी काढून वाढीवर नजर ठेवतात. फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकायचा धोका असतो, त्यासाठी दम लागला की लगेच स्कॅन करतात.

मेरिकच्या हाडांचा डीएनए तपासला, त्यातून पक्कं काही निघालं नाही. सांगाडा लंडनच्या त्याच हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात आहे. तो सगळ्यांना बघायला खुला नाही.