श्री शाहू छत्रपती महाराज आणि मल्लांचा देह

कोल्हापुरात वास करणाऱ्या कोणाही मनुष्यास श्री शाहू छत्रपती महाराजांचे नाव नवीन नाही. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, तसेच आपल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांकरिताही त्यांच्या कारकिर्दीत वसतिगृहे निघाली. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेविल्या, व १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे कुस्तीवरील प्रेम मात्र राजाचा षोक म्हणून दोन ओळींत उरकण्यात येते. आम्हांस हे योग्य वाटत नाही.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण होऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. देहाने ते धिप्पाड होते, आणि कुस्ती त्यांस स्वतःच्या अंगमेहनतीने ठाऊक होती.

त्यांच्या आश्रयाने गजबजलेल्या तालमींत जे घडत होते, ते शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही पाहण्याजोगे आहे. मानवी देहात सहाशेंहून अधिक स्नायू आहेत. हाडांना जोडलेला स्नायू हा बारीक तंतूंच्या जुडग्यांचा बनलेला असून त्याची टोके कंडरांच्या योगे हाडांस घट्ट बांधलेली असतात. स्नायू केवळ ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून निसर्गाने त्यांच्या जोड्या केल्या. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू आखडला की कोपर वाकते, मागचा आखडला की ते सरळ होते. जोर-बैठकांनी तंतूंची संख्या फारशी वाढत नाही. आहेत तेच जाड व बळकट होतात. परंतु नुसत्या बळाने कुस्ती होत नाही. खांद्याचा सांधा उखळीसारखा, सर्व दिशांस फिरणारा, कोपराचा बिजागरीसारखा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, मध्ये वंगणासारखा द्रव, आणि भोवती अस्थिबंधांची बळकट वेष्टने. पेच टाकणारा मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या याच रचनेची मर्यादा हेरीत असतो. सांधा ज्या बाजूस वळत नाही त्या बाजूस त्यास नेले, की केवढाही बलवान गडी हतबल होतो. (कानाची कूर्चा वारंवार चेंगरली की कान कायमचा आक्रसतो, जुना मल्ल त्यावरून ओळखावा.) हौद्यातील तांबडी माती तेल, ताक, हळद घालून मऊ राखतात, ती पडणाऱ्याच्या सांध्यांस धक्का कमी बसावा म्हणूनही उपयोगी पडते.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त महाराज विलायतेस गेले. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन रंगभूमी पाहून त्यांस खासबाग मैदानाची कल्पना सुचली असे सांगतात. १९१२ साली ते मैदान सिद्ध झाले. मधोमध कुस्तीची जागा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, जेणेकरून मागे बसलेल्या गरिबासही डाव दिसावा. १८९९ साली ज्या राजास वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारण्यात आला होता, त्याने बांधलेले हे मैदान होय. स्नायूंस जात ठाऊक नसते, हे आम्ही येथे जाता जाता नमूद करितो.

देहात एक स्नायू मात्र असा आहे की ज्यावर मनुष्याच्या इच्छेची सत्ता चालत नाही. हृदय हा स्नायूच आहे, असे १६६४ साली डेन्मार्कच्या नील्स स्टेन्सन यांनी दाखविले. त्यापूर्वी पुष्कळ विद्वान त्यास उष्णतेचे स्थान मानीत. हे स्टेन्सन १६६७ मध्ये कॅथलिक झाले व १६७७ मध्ये बिशप. १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस धन्यवादित घोषित केले. हृदयाचे तंतू शाखा फुटून एकमेकांत गुंतलेले असतात, व जन्मापूर्वीपासून मरणापर्यंत त्यांस सुट्टी नसते.

१९१८ साली महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीतील अपघातात निवर्तले. तो घाव बापाच्या मनावर खोल बसला. त्यातच मधुमेह होता. तरी दौरे, सभा, अर्जदारांच्या भेटी त्यांनी थांबविल्या नाहीत. थोडी विश्रांती घेतली असती तर बरे झाले असते, असे आम्हांस राहून राहून वाटते. ६ मे १९२२ रोजी मुंबई मुक्कामी हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वय अवघे ४७ वर्षांचे.

त्यांच्या पश्चात राजाराम महाराज गादीवर आले. पुढे १९२६ साली सातारा जिल्ह्यात जन्मलेले खाशाबा जाधव कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले, आणि १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले.