राजा अशोक आणि आजीवकांच्या गुहा

बिहारमध्ये गयेच्या उत्तरेला बराबर नावाचे डोंगर आहेत. बोधगयेला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंपैकी फार थोडे तिकडे वळतात. तेथे कठीण ग्रॅनाइट दगडात कोरलेल्या गुहा आहेत. आतल्या भिंतींना इतका गुळगुळीत झिलई दिलेली आहे की बावीसशे वर्षांनंतरही त्यांत माणसाची सावली उमटते. या देशातील कोरीव लेण्यांत या गुहा सर्वात जुन्यांपैकी मानल्या जातात. आपले अजिंठा, कार्ले, भाजे हे सारे त्यांच्या नंतरचे. त्या खोदवून घेणारा राजा होता देवानंपिय पियदसी अशोक. पण त्या त्याने भिक्खूंना दिल्या नाहीत. त्यांतल्या दोन गुहा त्याने आजीवकांना दिल्या, असे तेथील लेखांतच लिहिले आहे.

अशोकाचे चरित्र आपल्या पत्रांतून पुष्कळदा येते. कलिंगाचे युद्ध, पश्चात्ताप, धम्माचा स्वीकार, महिंद आणि संघमित्ता यांचे सिंहलद्वीपाला जाणे, या गोष्टी आपल्या मुलांनाही पाठ असतात. त्या येथे पुन्हा सविस्तर सांगण्याचे कारण नाही. पाहायचे आहे ते एवढेच की, जो राजा मनापासून बौद्ध झाला तो आपल्याहून वेगळे मानणाऱ्यांशी कसा वागला.

हे आजीवक कोण होते? मक्खली गोसाल याचे ते अनुयायी. गोसाल हा तथागतांचा समकालीन. नियती हे त्याचे मुख्य तत्त्व. माणसाच्या प्रयत्नाने काहीही होत नाही, पुण्याने मुक्ती लवकर येत नाही आणि पापाने ती लांबत नाही, सुताचा गुंडा फेकला म्हणजे जसा तो उलगडेपर्यंत घरंगळत जातो तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही ठरलेला फेरा पुरा करूनच सुटतात, असे तो शिकवी. तथागतांनी त्या काळच्या इतर आचार्यांची मते खोडली, परंतु गोसालाच्या मताइतके अनिष्ट मत त्यांना दुसरे वाटले नाही. वस्त्रांमध्ये केसांचे कांबळे जसे सर्वात टाकाऊ, तसा सर्व वादांत मक्खलीचा वाद टाकाऊ, अशा अर्थाचा उपदेश अंगुत्तर निकायात आहे. प्रयत्न नाकारला की नीतीच उरत नाही, हे तथागतांचे म्हणणे होते, आणि ते बरोबरच होते.

अशोकाचा स्वतःचा भर तर सगळा प्रयत्नावर. रूपनाथ, मास्की वगैरे ठिकाणच्या लहान शिलालेखांत तो सांगतो की, आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक आहोत, पहिल्या वर्षी फारसा उत्साह दाखवला नाही, पण संघाच्या सहवासात आल्यावर नेटाने पराक्रम केला. हा पराक्रम फक्त थोरांनी करायचा नसून लहानातल्या लहान माणसालाही तो करता येतो, असे तो आवर्जून बजावतो. शूद्र म्हणून ज्यांना जन्मभर कपाळावर हात मारून बसायला शिकवले त्या आपल्या समाजाला या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको. म्हणजे अशोकाची श्रद्धा आणि आजीवकांची श्रद्धा यांत थोडाफार फरक नव्हता, त्या एकमेकींच्या उलट होत्या. तरी त्याने त्यांना पावसाळ्यात राहायला गुहा दिल्या.

कोणी म्हणेल, तो अजून पक्का बौद्ध झाला नसेल तेव्हाची ही गोष्ट असावी. वर्षे पाहू. कलिंगाचे युद्ध अभिषेकानंतर आठव्या वर्षी, म्हणजे साधारण इ. स. पू. २६० च्या सुमारास झाले. दहाव्या वर्षी तो संबोधीच्या स्थानी, बोधगयेला, जाऊन आला. आजीवकांच्या दोन गुहांचे लेख बाराव्या वर्षाचे आहेत. चौदाव्या वर्षी त्याने कनकमुनी बुद्धाचा स्तूप वाढवून दुप्पट केला. बराबर येथीलच तिसऱ्या गुहेचा लेख एकोणिसाव्या वर्षाचा आहे. त्यात आजीवकांचे नाव नाही, पण पावसाळ्यातील आश्रयाचा हेतू तोच आहे. आणि विसाव्या वर्षी तो लुंबिनीला गेला, तेथे स्तंभ उभारला, गावाचा बळी नावाचा कर माफ केला आणि उत्पन्नावरचा भाग आठव्या हिश्श्यावर आणला. बोधिवृक्षापुढे नतमस्तक होणारा आणि आजीवकांना गुहा देणारा हा एकच माणूस, एकाच काळातला.

त्याच्या घरातच निरनिराळी मते नांदत होती. आजोबा चंद्रगुप्त उतारवयात जैन मुनी झाला आणि श्रवणबेळगोळ येथे त्याने देह ठेवला, असे जैन परंपरा सांगते. वडील बिंदुसार ब्राह्मणांना भोजने घालीत असे, असे महावंसात आहे. बिंदुसाराच्या दरबारी एक आजीवक होता आणि त्याने अशोकाच्या राजयोगाचे भाकीत केले, ही कथा बौद्धांच्याच ग्रंथांत येते. कथेचा तपशील खरा असो वा नसो, मौर्यांच्या वाड्यात आजीवकांची ये-जा होती एवढे त्यावरून दिसते. जोतीराव फुले यांनी आपल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात अशाच एका कुटुंबाचे चित्र रेखाटले आहे. त्यात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असून सारे प्रेमाने एका घरात राहतात. ते पुस्तक १८९१ साली, जोतीरावांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले.

आता कलिंगाविषयी एक मुद्दा, जो आपल्या भाषणांत सहसा सुटतो. तेराव्या शिलालेखात एक लाख मेले, दीड लाख पकडून नेले, हे आकडे आहेत आणि ते सर्वांना ठाऊक आहेत. पण राजाला अधिक दुःख कशाचे झाले, हे तो पुढे सांगतो. त्या देशात ब्राह्मण होते, श्रमण होते, इतर पंथांचे लोक होते, आईबापांची सेवा करणारे, नोकरचाकरांशी नीट वागणारे गृहस्थ होते. त्यांच्यावर आघात झाला, त्यांच्या जिवलगांची ताटातूट झाली, याचे त्याला दुःख आहे. कोणत्या ना कोणत्या पंथावर श्रद्धा नाही असा माणूस कोठेही नाही, असेही तो तेथेच म्हणतो. शत्रूच्या गावातही कोणाची तरी श्रद्धा असते, कोणी तरी आपल्या म्हाताऱ्या आईला पाणी देत असतो, हे त्याला रणांगण पाहून कळले. बारावा शिलालेख आणि बराबरच्या गुहा यांचे मूळ येथे आहे, असे मला वाटते.

बारावा शिलालेख संपूर्णपणे याच विषयावर आहे. पेशावरच्या बाजूला शाहबाजगढी येथे तो एका स्वतंत्र शिळेवर कोरलेला सापडला. कंदाहारला १९६३ साली मिळालेल्या ग्रीक लेखात त्याचा शेवटचा भाग ग्रीक भाषेत आहे. म्हणजे सरहद्दीवरच्या यवनांनाही हे कळावे अशी राजाची इच्छा होती. राजा सर्व पंथांचा दानाने आणि मानाने सत्कार करतो. पण दानापेक्षाही प्रत्येक पंथातले जे सार आहे त्याची वाढ व्हावी, हे त्याला मोठे वाटते. आणि या वाढीचे मूळ तो कशात सांगतो? जिभेला आवर घालण्यात. प्रसंग नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. प्रसंग आलाच तर तीही बेताने करावी. जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याला खाली पाडतो तो आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो. लोकांनी एकमेकांचा धम्म ऐकावा आणि बहुश्रुत व्हावे. हे काम पाहायला त्याने धम्ममहामात्र, स्त्रियांचे अध्यक्ष असे अधिकारी नेमले होते. सातव्या स्तंभलेखात तर बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीवक, निगंठ अशी नावे घेऊन त्यांच्याकडे लक्ष देणाऱ्या महामात्रांचा उल्लेख आहे.

या लेखात पंथासाठी जो शब्द वापरला आहे तो पासंड. अशोकाच्या तोंडी त्यात कसलाही हेटाळणीचा सूर नाही. आपला तोही पासंड, दुसऱ्याचा तोही पासंड. हाच शब्द पुढे ब्राह्मणी ग्रंथांत पाखंड झाला आणि शिवी बनला. जुगारी, क्रूर माणसे यांच्याबरोबर पाखंड्यांनाही राजाने नगराबाहेर हाकलावे, असे मनुस्मृती सांगते. देवानांप्रिय या राजाच्या बिरुदाचीही तीच गत झाली. संस्कृत व्याकरणकारांनी त्याचा अर्थ मूर्ख असा दिला. शब्दांचा असा सूड घेणारी संस्कृती सहिष्णुतेचे गोडवे गाते तेव्हा हे दोन शब्द आठवावेत.

परंतु अशोक सगळ्यांना सगळेच बरोबर म्हणणारा नव्हता. पहिल्या शिलालेखात तो यज्ञासाठी प्राणी मारण्याला बंदी करतो. यज्ञावर ज्यांचे पोट होते त्यांना हे आवडले असेल काय? आपल्याच मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात, ते दोन मोर आणि एका हरणावर आणले आणि तेही पुढे बंद होतील, असे तो तेथेच लिहितो. नवव्या लेखात आजारपण, लग्न, प्रवास अशा वेळी केल्या जाणाऱ्या निरर्थक विधींना तो कमी फळाचे ठरवतो, आणि दासांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे हाच खरा मंगल विधी, असे सांगतो. याच नवव्या लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याजवळ १९५६ साली मिळाला. तेथे आठव्या लेखाचा तुकडा त्याआधी १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सापडला होता. बाबासाहेबांनी अशोक विजयादशमीचा दिवस धम्मदीक्षेसाठी निवडला तेही १९५६ चेच वर्ष.

त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांवर असहिष्णुतेचा आरोप अजूनही केला जातो. या देवांना मी मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, असे म्हणणारा माणूस स्वतःला बांधून घेतो, शेजाऱ्याला नाही. अशोकानेही आपल्या घरातले विधी सोडले आणि लोकांना कारण देऊन सांगितले, पण देवपूजकाचे घर लुटले नाही. आपल्याकडे मात्र कधी कधी उलटे होते. मुलगा दीक्षा घेऊन येतो आणि म्हाताऱ्या आईच्या कोनाड्यातला टाक तिच्यादेखत उकिरड्यावर फेकतो. आई रडते, आणि मग जन्मभर विहाराची पायरी चढत नाही. नवव्या लेखातला राजा त्या आईशी कसा बोलला असता, याचा विचार त्या मुलाने करायला हवा होता.

संघाच्या बाबतीत मात्र अशोक कठोर होता. सारनाथ, सांची आणि कोसंबी येथील लेखांत त्याने हुकूम दिला की, जो भिक्खू किंवा भिक्खुनी संघात फूट पाडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून आवासाबाहेर ठेवावे. महावंसातली हकीकत अशी: राजाच्या दानाच्या लोभाने इतर मतांचे पुष्कळ लोक चीवर घालून अशोकारामात शिरले, खऱ्या भिक्खूंनी त्यांच्याबरोबर उपोसथ करण्याचे नाकारले, आणि समेट घडवायला पाठवलेल्या अमात्याने उपोसथाला नकार देणाऱ्या भिक्खूंनाच ठार मारले. राजा हादरला. मग मोग्गलिपुत्त तिस्स थेरांना बोलावून त्याने संघाची शुद्धी केली. यात विसंगती काही नाही. आजीवक आजीवक म्हणून राहतो तेव्हा त्याला गुहा मिळते. तोच चीवर पांघरून भिक्खू म्हणून मिरवू लागला की त्याला बाहेर काढले जाते. आणि बाहेर काढणे म्हणजे पांढरे वस्त्र, तलवार नव्हे.

आता एक अवघड गोष्ट. अशोकावदान या संस्कृत ग्रंथात असे लिहिले आहे की, पुंड्रवर्धन येथे कोणी तरी बुद्ध निगंठाच्या पाया पडत असल्याचे चित्र काढले, त्यावर राजाने एका दिवसात अठरा हजार आजीवक मारले. पुढे पाटलिपुत्रात तसेच झाले तेव्हा त्याने निगंठाच्या प्रत्येक डोक्यामागे एक दीनार देऊ केला आणि त्यात चुकून त्याचा स्वतःचा भाऊ वीतशोक मारला गेला. मग ती कत्तल थांबली. आपले विरोधक ही कथा आनंदाने सांगतात, आणि आपण ती टाळतो. टाळण्याची गरज नाही. हा ग्रंथ अशोकानंतर काही शतकांनी रचला गेला. त्याच्या लेखकाला आजीवक आणि निगंठ यांतला फरकही नीट माहीत नाही. दीनार हे नाणे रोमन व्यापारामुळे इकडे आले, मौर्यांच्या काळी ते नव्हते. याच परंपरेने अशोकाने आपले भाऊ मारल्याचेही लिहिले, आणि पाचव्या शिलालेखात भावाबहिणींच्या घरची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्रांचा उल्लेख आहे. दगडावरचा लेख त्याच्या हयातीतला, कथा नंतरची. तेव्हा कत्तल घडली असे मानायला आधार नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. ही कथा ब्राह्मणांनी रचली नाही. ती बौद्धाने रचली, आणि राजाच्या श्रद्धेची थोरवी गाताना रचली. चित्राच्या अपमानावरून माणसे मारणे ही श्रद्धेची खूण आहे, असे त्या काळच्या एखाद्या बौद्धाला वाटू शकले. बारावा शिलालेख तेव्हाही दगडावर होताच, पण पुढे तो वाचणारे कोणी उरले नाही. ती ब्राह्मी लिपी पुन्हा वाचता आली ती १८३७ साली, जेम्स प्रिन्सेपला. आणि पियदसी म्हणजे अशोकच, हे मास्कीच्या लेखात त्याचे नाव मिळाल्यावर १९१५ मध्ये पक्के झाले.

अशोक इ. स. पू. २३२ च्या सुमारास वारला. त्याचा नातू दशरथ गादीवर आला आणि अभिषेक होताच त्याने बराबरजवळच्या नागार्जुनी डोंगरात तीन गुहा आजीवकांना दिल्या. आजोबांची रीत त्याने चालू ठेवली. पुढे मौर्य गेले, आजीवकही हळूहळू नाहीसे झाले; आज त्यांचा एकही ग्रंथ उपलब्ध नाही, त्यांची मते आपल्याला बौद्धांच्या आणि जैनांच्या ग्रंथांतून काढावी लागतात. मौखरी राजा अनंतवर्मा याने त्या डोंगरांतील गुहांत कृष्ण, शिव, देवी यांच्या मूर्ती बसवल्या. आणि केव्हा तरी कोणी तरी छिन्नी घेऊन तेथे गेले, आणि त्या लेखांतला आजीवक हा एवढाच शब्द खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. बाकी लेख तसाच ठेवला. खरवडलेल्या जागी ती अक्षरे अजून ओळखू येतात.