साच्यातली चूक

पुणे-मिरज लोहमार्गावर, पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडी स्टेशनचे नाव पूर्वी कुंडल रोड असे होते. ते ज्यांच्यामुळे बदलले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत. चित्रकला सुटली. रेघ मात्र हातात राहिली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाचित्रण शिकवू लागले.

यंत्राचे रेखाचित्र भिंतीवर टांगण्यासाठी नसते. काढणारा समोर नसतानाही कारागिराला त्यावरून भाग घडवता आला पाहिजे. म्हणून मापे स्पष्ट, खुणा ठरलेल्या, आणि एकच वस्तू समोरून, वरून, बाजूने दाखवलेली. एका आकृतीतली चूक दुसरीत उघडी पडते. शिवाय कागदावरची रेघ रबराने पुसता येते. ओतलेले लोखंड पुन्हा भट्टीत घालावे लागते.

बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा ओसाड माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली.

ओतकामात साचा चुकला, तर त्यातून निघणारा प्रत्येक नांगर चुकतो. संगणकाच्या प्रोग्रॅमचेही तसेच. आम्ही बँकेत हाताने खतावणी लिहीत होतो, तेव्हा व्याजाची चूक एका खातेदाराला भोवे आणि ताळा घेताना बहुधा सापडे. प्रोग्रॅममधली एक चुकीची ओळ हजारो खात्यांत एका रात्रीत उतरते. म्हणून जाणते प्रोग्रॅमर नावे अर्थ कळेल अशी देतात, कामाचे लहान तुकडे पाडतात, दुसऱ्याकडून वाचून घेतात आणि थोड्या आकड्यांवर आधी चालवून बघतात. लक्ष्मणरावांनी संगणक पाहिला नाही. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. पण ते शिकवत त्या विषयाची शिस्त हीच होती. आपल्या घरातली जी मुले आज संगणकापुढे बसतात, त्यांनी किर्लोस्करवाडीचा ओतकाम विभाग एकदा जरूर पाहावा.