गौतमीपुत्र सातकर्णी

सह्याद्रीच्या कुशीत उगम पावणारी उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर यांच्या परिसरातून वाहत जाऊन कल्याणजवळ खाडीस मिळते. आज या भागात आगगाड्यांची अखंड वर्दळ चालते. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथील खाडीत दूरदेशांची गलबते नांगर टाकीत असत. कल्याण हे सातवाहन राजांचे भरभराटीचे बंदर होते. तेथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादला जाई आणि नाणेघाट चढून जुन्नर व पैठण या नगरांकडे नेला जाई.

पुढे या वैभवास उतरती कळा लागली. शकांच्या क्षहरात कुळातील नहपान नावाच्या राजाने नाशिक, जुन्नर आणि कार्ले हा सारा प्रदेश जिंकून घेतला. त्या काळातील एका ग्रीक व्यापाऱ्याने सागरी व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. कल्याणच्या व्यापारास अडथळे आले असून तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे त्याने नमूद केले आहे. सातवाहनांचे राज्य असे आक्रसत चालले असता त्या घराण्यात एक तेजस्वी पुरुष उदयास आला. तोच गौतमीपुत्र सातकर्णी होय.

त्याच्या मातेचे नाव गौतमी बलश्री. मातेच्या नावाने स्वतःची ओळख सांगण्याची रीत सातवाहन राजांत होती; त्यामुळे या वीराच्या नावाबरोबर त्याच्या मातेचे नावही अमर झाले. राज्यावर आल्यावर त्याने सैन्याची जुळवाजुळव करून नहपानाशी झुंज दिली आणि क्षहरातांची सत्ता समूळ नाहीशी केली. आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी विजयी सेनेच्या छावणीतून त्याने नाशिकजवळील गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास एक आज्ञा पाठविली. ती नाशिकच्या लेण्यात कोरलेली आजही पाहावयास मिळते. त्या आज्ञेत युद्धाची बढाई नाही. डोंगरावरील भिक्षूंना शेतजमीन दिल्याचा तो साधा लेख आहे. ती जमीन तोपर्यंत नहपानाचा जावई ऋषभदत्त याच्याकडे होती.

हा ऋषभदत्त शत्रुपक्षाचा असला, तरी मोठा दानशूर होता. कार्ल्याच्या भिक्षूंना त्याने एक गाव दान दिले होते. शत्रूचे दान म्हणून ते रद्द करणे विजेत्यास कठीण नव्हते. परंतु सातवाहनांचा अंमल पुन्हा सुरू होताच ते गाव भिक्षूंकडेच ठेवण्याची आज्ञा निघाली. दाता बदलला, दान मात्र टिकले.

हीच वृत्ती नाण्यांच्या बाबतीतही दिसून येते. नहपानाने चांदीची पुष्कळ नाणी पाडली होती. वायव्येकडील मिनँडर आदी ग्रीक राजांच्या नाण्यांवरून त्यांची घडण घेतलेली होती. एका बाजूस राजाचा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख, असे त्यांचे रूप असे. ही नाणी व्यापाऱ्यांच्या थैल्यांत आणि गावोगावच्या लोकांच्या गाठीला होती. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ऋषभदत्ताने तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले होते व त्यांच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे मिळत. ही सारी नाणी एका दिवसात बाद ठरविली असती, तर शत्रूची काहीच हानी झाली नसती. तो तर आधीच पराभूत झाला होता. हानी झाली असती ती कष्टकऱ्यांची व व्यापाऱ्यांची.

गौतमीपुत्राने ती नाणी वितळविली नाहीत. जुने नाणे दोन ठशांमध्ये धरून वरून हातोड्याचा घाव घातला, की त्यावर नवी मुद्रा उमटे. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत व राजाचे नाव, आणि दुसऱ्या बाजूस चार वर्तुळे जोडणारे क्रुसासारखे चिन्ह, अशी ही नवी मुद्रा होती. अशा नाण्यांस पुनर्मुद्रित नाणी म्हणतात. ग्रीक राजेही एकमेकांच्या नाण्यांवर अशी मुद्रा उमटवीत असत. घाव पुरता बसला नाही, तर नव्या पर्वताखालून नहपानाचे नाक किंवा एखादे ग्रीक अक्षर डोकावत राही.

इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात नहपानाची सुमारे १३,२५० नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राची मुद्रा होती. कोणी कोणास जिंकले, याची साक्ष त्या चांदीच्या लहानशा तुकड्यांनी दिली.

कारकिर्दीच्या चोविसाव्या वर्षी गौतमीपुत्राने आपल्या मातेसह आणखी एक आज्ञा दिली. पूर्वी भिक्षूंना दिलेले शेत पडीक राहिले असून ते गावही ओस पडले आहे, असे कळताच त्याने त्याऐवजी नगराच्या शिवेवरील राजाच्या मालकीची जमीन त्यांना दिली. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी असूनही एका ओसाड शेताची त्याने दखल घेतली!

त्याच्या पश्चात त्याचा पुत्र पुळुमावी राज्यावर आला. त्याच्या एकोणिसाव्या वर्षी वृद्ध बलश्रीने नाशिक येथे एक लेणे दान केले व त्यातील लेखात आपल्या दिवंगत पुत्राचे गुण कोरविले. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायल्याचे ती माता सांगते. पण तेवढ्यावरच ती थांबत नाही. तो धर्मास धरूनच कर घेई, प्रजेच्या सुखदुःखांत सहभागी होई आणि अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्यास आवडत नसे, हेही ती अभिमानाने नमूद करते.

पुढे त्याने जिंकलेल्या प्रदेशांपैकी काही पुन्हा क्षत्रपांच्या हाती गेले, कारण राज्यांच्या सीमा कायमच्या नसतात. परंतु त्या पुनर्मुद्रित नाण्यांवर जेता आणि जित आजही एकत्र नांदत आहेत. शत्रूचा पराभव करूनही लोकांच्या गाठीचा पैसा न बुडविणाऱ्या राजाची ती आठवण आहे.